न्हाणीघराची दुरुस्ती आणि सदोष शौचालय

न्हाणीघर नव्याने बांधावयास काढले म्हणजे घरमालकाचे सारे लक्ष फरशी व नळ यांवर असते. शेजारचे शौचालय नीट बसविलेले नसले तरी त्यावरच नव्या टाइल्स चढविल्या जातात आणि मूळ दोष झाकला जातो. वास्तविक जुनी फरशी उखडलेली असते, तोच तो दोष शोधण्याचा योग्य समय होय.

२०१४ साली स्वच्छ भारत अभियान सुरू झाल्यावर गावोगावी दोन शोषखड्ड्यांची शौचालये बांधली गेली. त्यांपैकी ज्यांत कायम दुर्गंधी येते, तेथे प्रथम कोंबडा तपासावा. त्यात सुमारे २० मिलिमीटर पाणी सदैव साचून राहावयास हवे. खड्ड्यातील वायू व माशा यांना अडविणारा तोच पडदा. कोंबडा तिरपा बसला, त्यास तडा गेला किंवा सांधा कच्चा राहिला, की हा पडदा टिकत नाही. कित्येक घरी तर तुंबलेले भांडे मोकळे करण्यासाठी पहारीने कोंबडाच फोडलेला आढळतो! असे असल्यास वरून सिमेंट थापणे व्यर्थ आहे. भांडे काढून नवा कोंबडा घ्यावा, पाणसळ लावून तो समतल बसवावा, सांधा भरून पुरेसा सुकू द्यावा. ग्रामीण भांड्याचा उतार २५ ते २८ अंश असतो, म्हणून दीड ते दोन लिटर पाण्यात मैला वाहून जातो. शहरी पद्धतीचे उथळ भांडे बसविले असेल, तर बादलीभर पाणी ओतावे लागते व खड्डा वृथा पाण्याने भरतो. गवंड्यास दोष देणे सोपे आहे. परंतु हा फरक त्यास कोणी समजावून दिला होता काय?

दुरुस्तीच्या वेळी हमखास घडणारी दुसरी चूक म्हणजे मोरीचे पाणी शौचालयाच्या नळीस जोडणे. तेवढे पाणी जमीन शोषू शकत नाही. ते परसबागेत किंवा वेगळ्या शोषखड्ड्यात सोडावे.

शेवटी चेंबर उघडून पाहावे. तेथून दोन्ही खड्ड्यांकडे वाट मोकळी असेल, तर दोन्ही एकाच वेळी भरतात आणि ताजा मैला उपसण्याची पाळी येते. हाताने मैला उचलण्याच्या कामास २०१३ च्या कायद्याने मनाई केली आहे. एक तोंड विटेने व मातीने बंद ठेवावे. भरलेला खड्डा दोन वर्षे विश्रांत राहिला म्हणजे त्यातील मैल्याचे दुर्गंधीरहित खत होते. कणकवलीजवळील गोपुरी येथे अप्पासाहेब पटवर्धनांनी सोनखताचा जो प्रयोग केला, त्यामागील विचार हाच होता. वापरातील खड्ड्यात मात्र कोणीही उतरू नये. आतील वायू प्राणघातक ठरू शकतो.

टाइल्स बसविण्यापूर्वी दोन लिटर पाणी ओतून पाहावे व तासाभराने कोंबड्यातील पाणी उतरले नाही ना, याची खात्री करावी. खड्डा बदलल्याची तारीख भिंतीवर रंगाने लिहून ठेवावी.