सौदा नदीत उतरण्यापूर्वी

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात कोलोरॅडो नदी ग्रँड कॅन्यन या खोल दरीतून सुमारे 446 कि.मी. वाहते. दोन्हीकडे उभे कडे, भोवती वाळवंट. 1938 साली नॉर्मन नेव्हिल्स यांनी भाडे घेऊन येथून प्रवासी नेले व हा धंदा सुरू झाला. आता सरकारी परवानाधारक कंपन्या वाटाड्यांसह प्रवाशांना रबरी तराफ्यांतून कित्येक दिवस नेतात. शिधा, औषधे लीझ फेरीच्या घाटावरच भरतात. मैलासुद्धा सोबत बाहेर आणावा लागतो.

मन बदलले म्हणून गिऱ्हाईक वाटेत कोठेही उतरू शकत नाही. म्हणून दिवस, भाडे, धोका आधीच सांगणे भाग आहे. शरीअतनेही 'गरर', म्हणजे संदिग्ध सौदा, मना केला आहे. आम्ही कापडवाल्यांनीही पन्हा, रंगाचा पक्केपणा व मुदत बयाणा घेण्यापूर्वीच सांगावी. नंतरची सबब गिऱ्हाईक तोडते.