जुना कॉम्प्रेसर, तोंडी गॅरंटी

प्रश्न : माझ्या 9 वर्षांच्या गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर जाम झालाय. नवा 24 हजारांना पडतो. मेकॅनिक म्हणतो, कुर्ल्याहून जुना 7 हजारांत आणा, मी बसवून देतो. दुकानदार बिल देत नाही, पण दोन महिन्यांची तोंडी गॅरंटी देतो. बिल नसेल तर पोलिसांची भानगड मागे लागेल का?
— एक वाचक, खांदा कॉलनी, नवीन पनवेल

उत्तर : जुना पार्ट घेणं गुन्हा नाही. चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसा संशय यायला कारण असून घेतला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 317 लागतं. बिल घ्या, विषय संपला. तुमची खरी काळजी 7 हजार पाण्यात जाण्याची दिसते. म्हणून आधी हे विचारा : पुन्हा जाम झाला तर भुर्दंड कोणाचा?

कॉम्प्रेसर आतून झिजून जाम होतो तेव्हा धातूचा चुरा गॅसबरोबर पूर्ण लाइनमध्ये पसरतो. कंडेन्सरच्या बारीक नळ्यांत अडकलेला चुरा फ्लशिंगनेही नीट निघत नाही. त्यावर नवा बसवा की जुना, तोही जाम होतो. मग दुकानदार म्हणतो, तुमची लाइन घाण होती. मेकॅनिक म्हणतो, पार्टच खराब होता. पहिला बहुधा खरंच बोलत असतो, आणि गॅस-मजुरीचे पैसे तुम्ही दुसऱ्यांदा मोजता. यात पोळलेले बरेच जण माझ्याकडे येतात, हातात चिटोरंही नसताना.

तेव्हा जुना कॉम्प्रेसर समोर उतरवायला लावा आणि तेल बघा. काळं, चमचमणारं असेल तर कंडेन्सर, ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह यांचाही हिशेब धरा. मग 7 आणि 24 मधलं अंतर तेवढं मोठं वाटणार नाही. तेल स्वच्छ असेल तर नुसता क्लच किंवा पुलीचं बेअरिंग गेलंय का, ते आधी तपासा.

पार्ट स्वतः आणू नका. मेकॅनिकच्याच बिलावर येऊ दे. ‘जुना पार्ट’, गॅरंटीचे दिवस, पुन्हा बिघडल्यास गॅस-मजुरी कोणाची, हे त्यावर लिहून घ्या. कुरकुरला तर दुसरा मेकॅनिक बघा.

विम्यातून मिळेल का, असं कोणी सुचवलं असेल तर सोडून द्या. झीज त्यात बसत नाही.

बिल न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत नसेल तर सदोष माल 30 दिवसांत परत न घेणंही तसंच. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. नाही जमलं तर दोन वर्षांच्या आत अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. दुकान कुर्ल्यात असलं तरी तुम्ही राहता तिथे तक्रार चालते, ऑनलाइनही करता येते, आणि एवढ्या रकमेला शुल्क नाही. मात्र तिथे पहिला प्रश्न बिलाचाच येईल.