स्वप्नद्वीप आणि कुलूपकिल्ली : एका साहसखेळाचा अभ्यास

'व्हिडिओ गेम' हा शब्द उच्चारला की घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते, आणि साहित्याच्या तासाला तर तो सहसा निघतच नाही. खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, हे आपण गृहीत धरून चालतो. तथापि ज्या कृतीत कथानक, पात्रे, स्थळ आणि शेवट या चारही गोष्टी आहेत, तिच्याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकाने एकदा तरी नीट पाहावयास हवे. प्रस्तुत लेखात हातात मावणाऱ्या यंत्रावरील एका जुन्या साहसखेळाचा आणि त्याच कुळातील पुण्याच्या एका खेळाचा विचार केला आहे.

पहिल्या खेळाचे नाव 'द लेजंड ऑफ झेल्डा : लिंक्स अवेकनिंग'. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने तो १९९३ साली 'गेम बॉय' या यंत्रासाठी काढला. ताकाशी तेझुका हे त्याचे दिग्दर्शक होत. १९८९ साली आलेल्या या यंत्राची साधने फार तोकडी होती. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, छटा अवघ्या चार, आणि वस्तू वापरण्यासाठी बटणे दोनच. नायकाजवळ तलवार, ढाल, धनुष्य असे पुष्कळ काही असले तरी एका वेळी दोनच वस्तू हाती घेता येतात. ढाल हवी तर दुसरे काही ठेवून द्यावे लागते. यंत्राची उणीव अशा रीतीने खेळणाऱ्याच्या विवेकाची कसोटी बनते.

कथा थोडक्यात अशी : वादळात जहाज फुटून लिंक हा तरुण कोहोलिंट बेटाच्या किनाऱ्याला लागतो. मॅरिन नावाची मुलगी त्याची शुश्रूषा करते. बेटावरील पर्वताच्या माथ्यावर एक प्रचंड अंडे असून त्यात 'वाऱ्याचा मासा' निजलेला आहे. तो जागा झाल्याशिवाय लिंकला बेट सोडता येणार नाही, आणि त्याला जागे करण्यासाठी आठ वाद्ये हवीत. ही वाद्ये आठ भुयारांत दडलेली आहेत.

भुयारांची रचना हा या खेळाचा खरा अभ्यासविषय होय. प्रत्येक ठिकाणी नकाशा, होकायंत्र, लहान किल्ल्या व एक मोठी किल्ली सापडते. त्याखेरीज एक नवे साधन मिळते. पहिल्या भुयारात उडी मारण्याची शक्ती देणारे पीस, दुसऱ्यात जड वस्तू उचलण्यासाठी कडे, पुढे धावण्याचे बूट आणि पोहण्याचे पंख. ही साधने त्या भुयारापुरती नसतात. काल ज्या खड्ड्यापाशी आपण हताश होऊन परतलो, तो आज एका उडीत पार होतो. किल्ली येथे खिशात नसून अंगी बाणलेल्या सामर्थ्यात असते. सातव्या मनोऱ्यात तर लोखंडी गोळ्याने चार खांब फोडले की वरचा मजलाच खाली येतो. तेथे एका खोलीचा विचार करून भागत नाही, सारी वास्तू मनात उभी करावी लागते. देवकीनंदन खत्री यांच्या 'चंद्रकांता'तील तिलिस्म आपण नायकाकडून फोडून घेतो. येथे ते वाचकालाच फोडावे लागते.

अर्ध्याहून अधिक प्रवास झाल्यावर एका पडक्या देवळातील भित्तिचित्र नायकाला सत्य सांगते. हे बेट म्हणजे निजलेल्या माशाचे स्वप्न आहे. तो जागा झाला की बेट, गाव, मॅरिन, सारे नाहीसे होईल. वाटेत आडवे येणारे राक्षस निव्वळ दुष्ट नव्हते, ते आपले अस्तित्व राखू पाहत होते. येथून पुढे मिळणारे प्रत्येक वाद्य जिंकल्याचा आनंद देते आणि मनाला टोचतेही. समुद्रपक्षी होऊन लांब उडून जावे, असे म्हणणाऱ्या मॅरिनचे गाणे कानात असतानाच आपण पुढचे भुयार उघडतो.

शेषशायी विष्णूची कल्पना ज्यांना परिचित आहे, त्यांना निद्रिस्ताचे स्वप्न हेच जग, हा विचार नवा नाही. परंतु आपल्या परंपरेत जागृती ही मुक्ती मानली जाते. या खेळाने त्या मुक्तीची किंमत कोण देतो, हा प्रश्न विचारला. कादंबरीत असे पाप नायकाच्या माथी टाकता येते. येथे बटण आपणच दाबलेले असते.

दुसरा खेळ 'राजी : ॲन एन्शंट एपिक'. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने तो २०२० साली, हातातही धरता येणाऱ्या निन्टेन्डो स्विच यंत्रावर प्रथम आणला. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला असतानाही तो पुरा झाला, ही गोष्ट उल्लेखनीय आहे. असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या भावाचा राजी शोध घेते. दुर्गा व विष्णू हे निवेदक आहेत. त्यातील काही कोड्यांत चित्राचे फिरते तुकडे जुळवून बहीणभावाची आठवण पुरी करावी लागते. कल्पना हृद्य आहे. मात्र कोडे सुटल्यावर मागच्या जगाकडे पाहण्याची दृष्टी बदलत नाही, वाट सरळ पुढेच जाते. या दृष्टीने जुना खेळ सरस वाटतो.

आणि नवी मुंबईच्या विद्यार्थ्याला तो अधिकच जवळचा वाटावा. सिडकोची स्थापना १९७० साली झाली, आणि ९५ गावांच्या जमिनीवर आपले शहर आखले गेले. पुढे विमानतळासाठी दहा गावे उठली. सेक्टरांच्या आखीव नकाशात गावठाणे आजही भित्तिचित्रासारखी आहेत, थांबून वाचावे लागते इतकेच. शहर उभे राहू नये असे कोणी म्हणणार नाही. नायकालाही बेटावर कायम राहता येत नव्हतेच. पण एकदाही न मरता खेळ पुरा करणाऱ्याला अखेरीस मॅरिनचे ओझरते दर्शन घडते. जो जपून चालला, त्यालाच जे गेले ते दिसते, असा त्याचा अर्थ मी लावतो. विरंगुळ्याच्या खेळाने एवढे शिकविले, तर वेळ वाया गेला असे म्हणता येणार नाही.