इंजिनाच्या तेलाचा दाटपणा

मालवणहून आंबोलीचा घाट चढणाऱ्या स्कूटरच्या इंजिनात कोणते तेल घालावे? ‘जितके दाट तितके चांगले’, असे उत्तर पुष्कळदा ऐकू येते. ते कितपत खरे आहे ते पाहू.

तेलाचा थर टिकला, तर धातूवर धातू घासत नाही. त्यासाठी तेलाला पुरेशी श्यानता, म्हणजे दाटपणा हवा. पण तापमान वाढले की श्यानता झपाट्याने घटते. गार काकवी आणि गरम पाण्यात वाटी ठेवून तापवलेली काकवी नरसाळ्यातून गळायला किती वेळ घेते, ते मोजून पाहा. (खोबरेल घेऊ नका. ते सुमारे २४ अंशांखाली थिजते, आणि थिजणे ही निराळी गोष्ट!)

डब्यावर ‘२०डब्ल्यू-४०’ असे छापलेले असते. डब्ल्यू हे ‘विंटर’चे आद्याक्षर. पहिला आकडा थंडीतील वागणूक सांगतो. २०डब्ल्यू तेलाची चाचणी उणे १५ अंशांना घेतात. एवढी थंडी आंबोलीतही पडत नाही! दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअस तापमानाच्या श्यानतेचा. तेथे ३० क्रमांकाचे तेल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, तर ४० क्रमांकाचे १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असते. तापल्यावर ४० क्रमांकाचे तेल दाट होते, असे मात्र समजू नका. तेही पातळच होते, फक्त थोडे कमी.

मग ५० क्रमांकाचे का घालू नये? सकाळी गाडी सुरू करताना फार दाट तेल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोचते. तेवढा वेळ झीज होते. शिवाय तेल घुसळण्यात पेट्रोल खर्ची पडते. इंजिनातील फटी बनवणाऱ्यालाच ठाऊक, म्हणून गाडीच्या पुस्तिकेतील क्रमांकच घाला. पुस्तिकेत दोन क्रमांक दिले असतील, आणि ओझे घेऊन रोज घाट चढायचा असेल, तर त्यांतील मोठा दुसरा आकडा निवडावा.