विरोध व्यक्त करण्याच्या रीती : इंग्रजी आणि मराठी वाक्यरचना

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला –
• 'बट' या शब्दाने सूचित होणाऱ्या तीन प्रकारच्या विरोधांत भेद करता येईल.
• विरोध दर्शवणारी इंग्रजीतील साधने व त्यांच्या वाक्यरचना सांगता येतील.
• मराठीतील 'जरी–तरी' या जोडीचा आपल्या इंग्रजी लेखनावर होणारा परिणाम स्पष्ट करता येईल.
• दोन विरोधी विधानांपैकी कोणत्या विधानावर भर द्यायचा, हे ठरवून वाक्य रचता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने माझ्याकडे नोकरीसाठी शिफारसपत्र मागितले. माझ्या मनात मराठी वाक्य होते : 'त्याचे इंग्रजी कच्चे आहे, पण तो अतिशय कष्टाळू आहे.' प्रशंसा आधी यावी, या सद्‌हेतूने मी इंग्रजी मसुद्यात लिहिले : 'ही इज व्हेरी हार्डवर्किंग, बट हिज इंग्लिश इज वीक.' मसुदा पुन्हा वाचताना माझी चूक माझ्या लक्षात आली. दोन्ही विधाने खरी होती, व्याकरणही निर्दोष होते. तरीही मनात शिफारस होती आणि कागदावर तक्रार उतरली होती. विरोधाची रचना केवळ दोन वाक्ये जोडत नाही. त्यांपैकी कोणते विधान वाचकाच्या मनात अखेरीस टिकावे, हेही ती ठरवते. या घटकातील विवेचनाचे हेच मध्यवर्ती सूत्र आहे.

२. विरोधाचे तीन प्रकार

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ रॉबिन लेकॉफ यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात 'बट' या अव्ययाचे दोन उपयोग वेगळे केले. त्यांत पुढील अभ्यासकांनी मांडलेल्या तिसऱ्या उपयोगाची भर घालून आपण पुढील वर्गीकरण स्वीकारू.

(अ) तुलनात्मक विरोध : 'सविता उंच आहे, पण तिची बहीण ठेंगणी आहे.' येथे दोन गोष्टी शेजारी ठेवून त्यांतील भेद दाखवला आहे. मराठीत 'मात्र' किंवा 'तर' यांनीही हे काम होते : 'सविता उंच आहे, तर तिची बहीण ठेंगणी.'

(आ) अपेक्षाभंग : 'सविता उंच आहे, पण तिला बास्केटबॉल खेळता येत नाही.' उंच व्यक्तीला हा खेळ जमेल, अशी अपेक्षा पहिले विधान निर्माण करते आणि दुसरे ती मोडते. ही अपेक्षा वाक्यात शब्दांनी सांगितलेली नसते. ती वाचकाच्या अनुभवातून येते.

(इ) दुरुस्ती : 'ती डॉक्टर नाही, तर वकील आहे.' येथे एक कल्पना खोडून तिच्या जागी दुसरी ठेवली आहे. इंग्रजीत येथेही 'बट'च येते : 'शी इज नॉट अ डॉक्टर बट अ लॉयर.' मराठीत मात्र 'पण' चालत नाही, 'तर' लागतो. जर्मन भाषाही असाच भेद करते. अपेक्षाभंगासाठी 'आबर' आणि दुरुस्तीसाठी 'झोन्डर्न' असे दोन स्वतंत्र शब्द तिच्यात आहेत. म्हणून भाषांतर करताना 'बट' दिसताच 'पण' लिहू नये. आधी विरोधाचा प्रकार ओळखावा.

३. इंग्रजीतील साधने

(अ) प्रधानत्वसूचक अव्यये : 'बट', 'येट'. ही समान दर्जाची दोन वाक्ये जोडतात. मराठी व्याकरणात 'पण, परंतु, किंतु' यांना आपण न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यये म्हणतो, त्यांच्याशी ही जुळतात.

(आ) गौणत्वसूचक अव्यये : अपेक्षाभंगासाठी 'ऑल्दो', 'दो', 'ईव्हन दो' आणि तुलनेसाठी 'व्हाइल', 'व्हेअरअॅज'. ज्या वाक्याला ही जोडली जातात, ते गौण ठरते.

(इ) शब्दयोगी अव्ययांसारखी साधने : 'डिस्पाइट', 'इन स्पाइट ऑफ'. यांच्यापुढे नाम किंवा 'इंग'ने संपणारे धातुसाधित येते. पूर्ण वाक्य थेट येत नाही. 'डिस्पाइट द रेन' हे योग्य. 'डिस्पाइट इट रेन्ड' हे अयोग्य. तसेच 'डिस्पाइट'नंतर 'ऑफ' लावू नये. मराठीतील 'पाऊस असूनही' ही रचना याच्या जवळची आहे.

(ई) क्रियाविशेषणे : 'हाउएव्हर', 'नेव्हरदलेस'. ही दोन विधानांमधील अर्थाचा संबंध दाखवतात, पण व्याकरणदृष्ट्या वाक्ये जोडत नाहीत. म्हणून त्यांच्याआधी केवळ स्वल्पविराम पुरत नाही. पूर्णविराम किंवा अर्धविराम द्यावा लागतो. 'हाउएव्हर' आपल्या 'मात्र'प्रमाणे वाक्याच्या मध्येही येऊ शकते.

४. 'जरी–तरी' आणि 'ऑल्दो–बट'

उत्तरपत्रिकांत वारंवार आढळणारे एक वाक्य पाहा : 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेंट.' इंग्रजीत ही रचना अशुद्ध ठरते. 'ऑल्दो'ने पहिले वाक्य गौण केल्यावर दुसरे आपोआप मुख्य ठरते. त्याला पुन्हा 'बट' लावण्याची गरज उरत नाही. 'ऑल्दो' ठेवावे किंवा 'बट' ठेवावे. दोन्ही ठेवू नयेत.

ही चूक निष्काळजीपणाची नाही. ती मराठीच्या शिस्तीतून आलेली आहे. 'जो–तो', 'जेव्हा–तेव्हा', 'जिथे–तिथे', 'जर–तर' अशा जोड्यांनी मिश्र वाक्य बांधण्याची मराठीची प्रकृती आहे. 'जरी–तरी' ही याच कुळातील जोडी असून संस्कृतमधील 'यद्यपि–तथापि' तिच्याशी समांतर आहे. मराठी भाषकाला दोन्ही टोकांना खूण नसलेले वाक्य अपुरे वाटते, म्हणून तो इंग्रजीतही दुसरी खूण शोधतो.

आता एक प्रयोग करू. 'जरी पाऊस आला तरी आम्ही जाऊ' या वाक्यातील 'जरी' गाळा : 'पाऊस आला तरी आम्ही जाऊ.' वाक्य पूर्ण आहे. 'तरी' गाळा : 'जरी पाऊस आला, आम्ही जाऊ.' वाक्य लंगडे पडते. म्हणजे मराठीत जोडीतील दुसरी खूण अनिवार्य, तर पहिली ऐच्छिक आहे. इंग्रजीच्या 'ऑल्दो'च्या रचनेत नेमके उलट घडते : पहिली खूण अनिवार्य असते आणि दुसरी सहसा येत नाही. औपचारिक व जुन्या इंग्रजीत 'दो–येट' ही जोडी आढळते आणि ती शुद्धही आहे. 'ऑल्दो–बट' ही मात्र प्रमाण इंग्रजीत मान्य नाही.

५. भर कोणत्या विधानावर?

'बट'ने जोडलेल्या वाक्यात सामान्यतः नंतरचे विधान निष्कर्षाकडे नेते. 'घर लहान आहे, पण हवेशीर आहे' असे म्हणणारा घर घेण्याकडे झुकलेला आहे. 'घर हवेशीर आहे, पण लहान आहे' असे म्हणणारा दुसरे घर शोधत आहे.

'ऑल्दो'च्या रचनेत भर क्रमापेक्षा दर्जावर अवलंबून असतो. गौण वाक्यातील गोष्ट लेखक मान्य करतो, परंतु तिला निर्णायक मानत नाही. त्याचे खरे प्रतिपादन मुख्य वाक्यात असते. शिफारसपत्रातील माझे वाक्य मी अखेरीस असे दुरुस्त केले : 'ऑल्दो हिज इंग्लिश इज वीक, ही इज व्हेरी हार्डवर्किंग.' त्यात उणीव लपवलेली नाही. तिला तिच्या योग्य जागी ठेवले आहे. हेच गौण वाक्य शेवटी ठेवले, तर ते गौणच राहते, पण उणिवेची आठवण वाक्याच्या अखेरीस रेंगाळते. म्हणून दर्जाबरोबर क्रमाचाही विचार करावा.

६. सारांश

इंग्रजीतील 'बट' तुलना, अपेक्षाभंग आणि दुरुस्ती ही तिन्ही कामे करते. मराठी त्यांतील दुरुस्तीसाठी 'तर' वापरते. मराठी 'जरी–तरी'ने दोन्ही वाक्यांना खूण करते, तर इंग्रजीत एकच खूण पुरते. साधन निवडताना शुद्धतेबरोबरच आपले प्रतिपादन कोणते आणि आपण मान्य केलेली उणीव कोणती, हे लेखकाने आधी ठरवले पाहिजे.

७. स्वाध्याय

१. 'तो आळशी नाही, तर आजारी आहे' आणि 'तो आळशी नाही, पण आजारी आहे' या वाक्यांतील अर्थभेद स्पष्ट करा.
२. 'ऑल्दो शी वॉज टायर्ड, बट शी फिनिश्ड द वर्क' हे वाक्य दोन प्रकारे दुरुस्त करा.
३. 'रस्ता खराब आहे' आणि 'गाव सुंदर आहे' ही विधाने अशा दोन रीतींनी जोडा, की एका वाक्यातून जाण्याचा आणि दुसऱ्यातून न जाण्याचा सल्ला सूचित होईल.
४. आपल्या एखाद्या मित्राचे किंवा मैत्रिणीचे शिफारसपत्र मराठीत व इंग्रजीत लिहा. त्यात एक उणीव प्रामाणिकपणे नमूद करा आणि ती गौण वाक्यात का ठेवली, याचे कारण दोन ओळींत द्या.