केसाळ कातड्याची शिलाई : सुई आणि धागा कसा निवडावा?



कापडाच्या धंद्यात आम्हांला एकच शिकवण मिळाली : धागा मजबूत घ्या, शिलाई पक्की होईल. कापडाला ही गोष्ट बऱ्याच अंशी लागू पडते. परंतु मेंढीचे किंवा सशाचे केसाळ कातडे अथवा कराकुली टोपीचे कोकराचे कातडे शिवताना हाच हिशेब उलटा पडतो. हा सबक मी नुकसान सोसून घेतला आहे.

काही वर्षांपूर्वी मला मेंढीच्या लोकरी कातड्याच्या चोवीस सदऱ्यांची ऑर्डर मिळाली. कारागीर जुना, हाताचा साफ. सुया व धागा मी पुरविला. बाजारातला सर्वांत जाड नायलॉन धागा आणि तो ओवता येईल अशी जाडजूड चामड्याची सुई. टाके जवळजवळ व घट्ट घालावेत, अशी ताकीदही दिली. पहिल्याच हिवाळ्यात नऊ सदऱ्या खांद्यावर फाटून परत आल्या. मी कारागिराची मजुरी कापली. त्याने काही न बोलता एक सदरी माझ्यापुढे उलटी करून ठेवली. धागा जसाच्या तसा होता. कातडे मात्र टाक्यांच्या रांगेत पोस्टाच्या तिकिटासारखे फाटले होते. चूक त्याच्या हाताची नव्हती, माझ्या निवडीची होती. मी मजुरी परत केली आणि माफी मागितली.

असे का होते?

कापडात सुई धाग्यांच्या मधून वाट काढते आणि सुई निघाली की वाट बहुतेक बुजते. कातड्यात पडलेले छिद्र कायमचे राहते. म्हणून उस्ताद लोक सांगतात की शिलाईत धागा कातड्यापेक्षा किंचित कमजोर असावा. धागा तुटला तर पुन्हा शिवता येतो. कातडे फाटले तर माल गेला.

सुई

चामड्याच्या सुईचे टोक तिधारी असते. ते कातडे कापत जाते. जाड मेंढीच्या कातड्याला ही सुई हवीच. मात्र सशाचे कातडे कागदासारखे पातळ असते. तिथे आधी साधी बारीक गोल टोकाची सुई वापरून पाहावी. ती सहज जात नसेल, तरच बारीक तिधारी सुई घ्यावी.

खरेदी करताना नंबराचा घोळ होतो. हातसुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. मशीनच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती जाड. मशीनची १४ नंबरची सुई म्हणजेच ९० नंबर, म्हणजे ०.९० मिलिमीटर जाडीची. पातळ कातड्याला ११ नंबरपासून सुरुवात करावी.

धागा

सुती धागा स्वस्त व ओळखीचा; पण कातडे कमावताना राहिलेला आम्लाचा अंश, घाम आणि ओल यांनी तो कालांतराने कुजतो. म्हणून पॉलिएस्टर बरा, पण बेताच्या जाडीचा. टिकिट नंबर मोठा तितका धागा बारीक, हे ध्यानात ठेवावे. मेंढीच्या कातड्याला साधारण ४० नंबर, सशाला ८० किंवा त्याहून बारीक. हाताने शिवताना धाग्यावर मधमाशीचे मेण फिरवावे. गुंता होत नाही व धागा झिजत नाही.

शिलाई

कातडे नेहमी उलट्या बाजूने पात्याने कापावे. कात्रीने केस कापले जातात. टाचण्यांऐवजी चिमटे लावावेत. केस आत ढकलून दोन्ही कडा जुळवाव्यात आणि कडेवरून तिरपे टाके घालावेत. जाड कातड्याला इंचात सहा ते आठ, पातळ कातड्याला आठ ते दहा टाके पुरेत. खांदा व बगल येथे ताण पडतो. तिथे शिलाईत सुती फीत धरावी, म्हणजे ताण फितीवर जातो. शिलाई झाल्यावर अडकलेले केस सुईने उजवीकडे काढावेत आणि जोड चमच्याच्या दांडीने दाबून सपाट करावा. इस्त्री कधीही फिरवू नये. उष्णतेने कातडे आक्रसते.

कसोटी

ऑर्डर सुरू करण्यापूर्वी त्याच कातड्याच्या दोन तुकड्यांना दोन इंच शिलाई घाला व दोन्ही हातांनी ओढा. कातडे आधी फाटले तर सुई व धागा बारीक करा किंवा टाके लांब घाला. धागा सहज तुटला तर एक नंबर जाड घ्या. चांगला जोर लावल्यावर धागा तुटला आणि कातडे शाबूत राहिले, तर निवड बरोबर. पाच मिनिटांचे हे काम माझ्या नऊ सदऱ्या वाचवू शकले असते.

माल घेतानाही सावध असावे. वन्य प्राण्यांच्या कातड्याचा व्यापार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. मिंक, कोल्हा व चिंचिला यांच्या फरच्या आयातीवर जानेवारी २०१७ मध्ये सरकारने बंदी घातली. पाळीव मेंढी व ससा यांचाच माल घ्यावा आणि पावती जपून ठेवावी.

शेवटी एकच अर्ज आहे. माल परत आला तर कारागिराची मजुरी कापण्याआधी शिलाई उलटी करून पाहा. धागा शाबूत आणि कातडे फाटलेले दिसले, तर आधी आपण पुरविलेली सुई तपासा.