झोडणीचें कुसळ आणि डोळ्याची निगा

दिवाळीच्या सुमारास बोर्ली पंचतन, दिवेआगर या बाजूस भात खळ्यांत येतें आणि झोडणी सुरू होते. त्या दिवसांत कुसळ, तूस किंवा पेंढ्याचें टोक डोळ्यांत गेलें नाहीं, असा शेतकरी विरळा. आपण तें मनावर घेत नाहीं.

प्रस्तुत लेखकाच्या डाव्या डोळ्यांत फूल आहे, तें याच हयगयीचें. नोकरींतून निवृत्त झाल्यावर पहिल्याच हंगामांत कुसळ लागलें. दप्तरांत आयुष्य गेलेल्या माणसास खळ्याची घाई अधिक! उपरण्यानें डोळा चोळला, रात्रीं मध घातला, आणि तिसरे दिवशीं घरांत पडून असलेल्या जुन्या बाटलींतले थेंब टाकले. लाली उतरली, म्हणून स्वस्थ राहिलों. त्या थेंबांत स्टेरॉइड होतें, हें मागाहून कळलें. स्टेरॉइडनें लाली व ठणका दबतो. परंतु कुसळाबरोबर बुबुळाच्या पडद्यांत शिरलेली बुरशी फोफावते. भातावरील करपा हाही बुरशीचाच रोग. तो एकदां पसरला म्हणजे काय होतें, हें वाचकांस सांगणें नको. क्षत भरून आलें तरी डाग राहतो, व त्यांतून दिसत नाहीं.

येथें खरा प्रश्न वेळेचा आहे. नेपाळांतील भक्तपूर येथील पाहणी २००१ सालीं प्रसिद्ध झाली. तींत गांवच्या आरोग्यसेवकांनीं ओरखडा पडलेल्या डोळ्यांत क्लोरॅम्फेनिकॉलचें मलम दिवसांतून ३ वेळां, ३ दिवस घातलें. १८ तासांच्या आंत उपाय सुरू झालेल्यांपैकीं एकासही क्षत झालें नाहीं. २४ तास उलटून गेलेल्यांत मात्र चौथ्या हिश्शाहून अधिकांस झालें.

म्हणून कुसळ जातांच डोळा चोळूं नये. हात धुऊन स्वच्छ पाण्यानें डोळा धुवावा. रुतलेलें कुसळ जिभेनें वा पदराच्या टोंकानें काढूं नये. मध, दूध, पाल्याचा रस घालूं नये. खुपत राहिल्यास त्याच दिवशीं श्रीवर्धनास जाऊन डॉक्टरांस दाखवावें, आणि मलम त्यांच्या सल्ल्यानेंच घालावें. झोडणी आहे, उद्यां पाहूं, हा विचार घातक.

झोडतांना व मळणीयंत्रापाशीं बाजूनें बंद असलेला साध्या कांचेचा चष्मा लावावा. उपणणाऱ्यानें वारा पाठीशीं घ्यावा. पंचा ज्याचा त्यानें निराळा ठेवावा, डोळे आलेल्याचा तर अवश्य. मजुरांसही चष्मे मालकानेंच आणून द्यावेत; ते पहिल्या दिवशीं हंसतील, पण लावतील.